फरदड सोडा, मग फवारणीचे बोला

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीची बातमी दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. फोडलेल्या बोंडाचा फोटो, हवालदिल शेतकरी, आणि शेजारी कोणते औषध किती मिली याची चौकट. पण त्या वेळी अळी बोंडाच्या आत सरकी खात बसलेली असते आणि कुठलेही औषध तिथवर पोचत नाही. या किडीचा खरा बंदोबस्त होण्याचे दिवस आता सुरू झाले आहेत. दुसरी-तिसरी वेचणी उरकली आहे, विहिरीला पाणी आहे, भाव वाढतील अशी आशा आहे. उभ्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडांना, एक पाणी आणि युरियाचे एक पोते देऊन फरदड घ्यावी, म्हणजे तेच पीक पुढे लांबवावे, की नाही, याचा विचार घरोघरी चालला आहे. पुढच्या ऑगस्टात शेतात किती पतंग उडणार, हे बरेचसे याच निर्णयावर ठरते. म्हणून हे पत्र आत्ता.

फरदडीने नेमके काय होते ते आधी सांगतो. भर हंगामात गुलाबी अळी अंड्यापासून पतंगापर्यंतचा फेरा साधारण महिना-सव्वा महिन्यात पुरा करते. दिवस लहान झाले, थंडी पडू लागली की शेवटच्या बोंडांतल्या अळ्या कोषात न जाता सुप्तावस्थेत जातात. सरकीचे दोन दाणे रेशमाच्या धाग्याने एकमेकांना चिकटवायचे आणि मधल्या पोकळीत अंग मुडपून पडून राहायचे. खाणे नाही, हालचाल नाही. अशी ती चार-पाच महिने सहज काढते आणि उन्हाळा सरता सरता कोषात जाऊन पतंग होते. डिसेंबरअखेर पीक संपवले, तर अशा अळ्या राहिलेल्या मोजक्या बोंडांपुरत्याच उरतात. पीक मार्चपर्यंत ठेवले तर हिवाळाभर नवी पाती (फुलांच्या कळ्या), फुले, बोंडे लागत राहतात आणि अळीची पंगत उठतच नाही. त्याहून वाईट म्हणजे उशिरा झोपलेली अळी उशिराच उठते. डिसेंबरात झोपलेल्यांतले पुष्कळ पतंग मे-जूनमध्ये बाहेर येतात, शेतात फूल नसते, आणि अंडी घालायला जागा न मिळता आठ-पंधरा दिवसांत मरतात. फेब्रुवारी-मार्चची फरदडीतली अळी मात्र नव्या कपाशीला पाती लागायच्या सुमारास उठते. म्हणजे आपण नुसती अळी जगवत नाही, तिला नेमक्या वेळेवर उठण्याची सोयही करून देतो.

त्या फरदडीतून हाती काय येते? कवडी, म्हणजे अर्धवट उमललेल्या किडक्या बोंडांतला कापूस, पिवळट डागाळलेला कापूस, हलकी सरकी. कवडी वेचायला मजूर मिळत नाही, मिळाला तर किलोमागे जास्त मागतो, आणि व्यापारी तीच कवडी दाखवून सगळ्या गाडीचा भाव पाडतो. विहिरीत जे पाणी आहे ते उन्हाळी मुगाला, तिळाला किंवा भुईमुगाला दिले तर रान तरी मोकळे होते. तरीही कोरडवाहू भागात एखाद्याला दोन क्विंटल जास्तीचा मोह सुटत नाही, आणि त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. हाती पैसा नसतो. पण पतंगाला बांध कळत नाही. एकाची फरदड साऱ्या शिवाराला भोवते, म्हणून हा निर्णय घरात न होता गावात व्हायला हवा.

पीक थांबवले म्हणजे काम संपले असेही नाही. शेवटच्या वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्यांचा कळप दोन दिवस रानात बसवला तर हिरवी बोंडे, पाती, कोवळे शेंडे साफ होतात. हे सगळ्यात स्वस्त आणि उत्तम कीडनियंत्रण आहे, फक्त त्याआधीच्या पंधरा-वीस दिवसांत विषारी फवारणी झालेली नसावी. मग पऱ्हाटी. रोटाव्हेटर किंवा श्रेडर मिळत असेल तर बारीक करून जमिनीत गाडावी. चुलीसाठी उपटून बांधावर रचायची रीत आहे, आणि तीच नडते. रचलेल्या पऱ्हाटीला चिकटलेल्या वाळक्या बोंडांत अळी जूनपर्यंत सुखरूप राहते. सरपण लागतेच, तर ढीग लावण्याआधी काठीने झोडपून बोंडे झाडून घ्यावीत, ती गोळा करून नष्ट करावीत, आणि तो ढीग एप्रिलच्या आत संपवावा. रानाची खोल नांगरट मार्च-एप्रिलात करावी. मातीत पडलेल्या अळ्या नि कोष उन्हाने करपतात, उरलेले बगळे आणि साळुंक्या वेचतात.

घरात भावाची वाट पाहत साठवलेला कापूस हेही अळीचे मोठे बिऱ्हाड. जिनिंगमधल्या सरकीच्या ढिगांचेही तसेच. जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारे) आणि प्रकाश सापळे हवेतच, आणि लगतच्या शेतकऱ्यांनी आपले पहिले सापळे त्या बाजूच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लावावेत, कारण पतंगांची पहिली लाट तिकडूनच येते.

बीटी कपाशी असून हे सगळे कशाला, असा प्रश्न अजून विचारला जातो, आणि तो रास्त आहे. बीटी कपाशीला देशात २००२ साली परवानगी मिळाली. तिच्यात झाडातच अळीसाठी विष तयार करणारे क्राय-१-एसी हे एकच जनुक होते. २००६ पासून क्राय-२-एबी जोडलेले दोन जनुकांचे वाण आले. गुजरातेत अमरेलीकडच्या गुलाबी अळीने पहिल्या जनुकाला दाद देणे सोडले असे २०१० साली जाहीर झाले, पुढच्या चार-पाच वर्षांत दुसऱ्यालाही, आणि २०१७ चा हंगाम विदर्भ-मराठवाड्यात काय करून गेला ते सगळ्यांना आठवते. हिरवी अमेरिकन बोंडअळी मात्र बीटीपुढे आजही बऱ्याच अंशी नमते. एकीला बीटी चालते आणि दुसरीला चालत नाही, असे का?

याची दोन कारणे आहेत, आणि ती समजल्याखेरीज बाकी उपायांचा अर्थ लागत नाही. हिरवी अळी तुरीवर, हरभऱ्यावर, टोमॅटोवर, कितीतरी पिकांवर जगते. तिथे बीटी नसल्याने विषाला बळी पडणाऱ्या, म्हणजे साध्या अळ्या भरपूर तयार होतात आणि प्रतिकार कमावलेल्या पतंगांशी त्यांचा संकर होत राहतो. गुलाबी अळी जवळपास फक्त कपाशीची. भेंडी-अंबाडीवर ती क्वचित दिसते, पण तिचे घर कपाशीच. आजूबाजूला सगळी कपाशी बीटी, म्हणजे तिला प्रत्येक पिढीत एकच परीक्षा, आणि पास झालेल्यांचीच पोरे पुढे. दुसरे कारण आपल्या संकरित बियाण्यात आहे. संकरित झाडाच्या बोंडात जी सरकी तयार होते ती पुढच्या पिढीची असते आणि तिच्यात जनुके विभागून जातात. दोन्ही जनुके स्वतंत्रपणे उतरतात असे धरले, तर १६ दाण्यांत ९ दाण्यांत दोन्ही विषे, ६ दाण्यांत एकच, आणि १ दाणा विषाविना. गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते. एका बोंडात तिला तीव्र, सौम्य आणि बिनविषारी असे तिन्ही घास मिळतात. प्रतिकारशक्ती तयार होण्याला याहून सोयीची शाळा सापडणार नाही.

यावर उतारा म्हणून ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे मिळायचे, ते भोवतीने लावायचे होते. ते बहुतेकांनी बांधावर फेकले, काहींनी गुरांपुढे टाकले. आता ४७५ ग्रॅमच्या पाकिटात ते मिसळूनच येते. पण गुलाबी अळी प्रतिकारक्षम झाल्यावर आलेला हा उपाय आहे. पुढचे एखादे नवे जनुक टिकवायला तो उपयोगी पडेल, आजच्या अळीला नाही. तेव्हा गुलाबी अळीपुरते तरी आपले वाण साधेच आहे असे धरून चालावे.

जूनकडे वळू. ओलिताची सोय आहे म्हणून मे महिन्यात धूळपेरणी किंवा ठिबकवर लागवड करणे म्हणजे उपाशी पतंगाला ताट वाढणे. मे-जूनमध्ये उडणाऱ्या पतंगांना फूल मिळू नये, एवढ्यासाठीच लागवड जूनच्या चांगल्या पावसानंतर करायची. मध्यंतरी काही वर्षे शेतकऱ्यांना बीटी बियाणे १ जूननंतरच विकण्याचा नियम केला गेला, तो याच कारणासाठी. वाण १४० ते १५० दिवसांत वेचणीला मोकळे होणारे घ्यावे. १८० दिवसांचे वाण घेतले की डिसेंबरात पीक थांबवणे जिवावर येते. फरदडीचा मोह खरे तर बियाण्याच्या दुकानातच सुरू होतो.

पहिला महिना फवारणीचा नाहीच. बियाण्याला इमिडाक्लोप्रिड किंवा थायमेथोक्झामची प्रक्रिया झालेली असते, तिचा परिणाम साधारण महिनाभर राहतो. तरी चार मावा दिसले की त्याच गटातले औषध फवारले जाते. पैसे जातात, ढालकिडा, क्रायसोपा हे मित्रकीटक जातात, आणि तुडतुड्यांना त्या औषधाची सवय होते. त्याआधी मोजावे. २० झाडे, प्रत्येक झाडाचे वरचे, मधले, खालचे एकेक पान उलटे करून पाहायचे. पानामागे सरासरी २-३ तुडतुडे, किंवा १० फुलकिडे, किंवा ८-१० पांढऱ्या माशा, याच्या खाली आकडा असेल तर पंप खाली ठेवावा. फारच वाटले तर ५ टक्के निंबोळी अर्क. ५ किलो निंबोळीची भरड ९ लिटर पाण्यात रात्रभर, २०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या १ लिटर पाण्यात; सकाळी फडक्याने पिळून दोन्ही एकत्र करावे आणि ९० लिटर पाणी घालून त्याच दिवशी संध्याकाळी फवारावे. हा अर्क कडक उन्हात लगेच कमजोर होतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. निंबोळी काम करत नाही असे म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा ती दुपारी फवारलेली असते, किंवा दोन वर्षांची बुरसटलेली निंबोळी वापरलेली असते.

लागवडीनंतर ४५ दिवसांनी कामगंध सापळे. पाहणीसाठी एकरी २ पुरतात, पतंग गोळा करून मारायचे असतील तर एकरी ८. सापळ्यात लावायच्या वासाच्या आमिषाला ल्यूर म्हणतात. दुकानात मागताना फक्त 'बोंडअळीचा ल्यूर' म्हणू नका. हिरव्या अळीचा ल्यूर वेगळा, गुलाबीचा वेगळा. गुलाबीसाठी गॉसिप्ल्युअर असे स्पष्ट नाव पाकिटावर वाचून घ्यावे. तंबाखू-खर्ऱ्याच्या हाताने ल्यूर हाताळू नये. सापळा पिकाच्या शेंड्यापासून हातभर उंच असावा आणि पीक वाढेल तसा वर सरकवावा. जुलैत बांधलेला सापळा सप्टेंबरात पानांत बुडालेला दिसतो, मग त्यात काय पडणार? ल्यूर पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत, साधारण तीन-चार आठवड्यांनी, बदलावा आणि जुना शेतात टाकू नये, नाहीतर पतंग तिकडेच घिरट्या घालतील. सापळ्यात सापडतो तो नर. सेंटिमीटरभराच्या आतला, करड्या-तपकिरी रंगाचा, मागच्या पंखांना झालरीसारखे केस असलेला पतंग. पिशवी रोज सकाळी रिकामी करून आकडा लिहायचा. एका सापळ्यात रोज ८ पतंग, सलग ३ रात्री, ही धोक्याची रेघ. आठवड्याने एकदा पिशवी झटकून "पंचवीस निघाले" असे सांगण्याचा काही उपयोग नाही, कारण ते एका रात्रीचे की सात रात्रींचे हेच कळत नाही.

फुले लागली की डोमकळी शोधायची. हे काम सकाळी करावे. निरोगी फूल त्या वेळी मोकळे उमललेले असते; अळी आत असलेले फूल पाकळ्यांची टोके धाग्याने शिवल्यासारखी मिटलेले, गुलाबाच्या कळीसारखे दिसते. ते उकलून पाहावे. आत पुंकेसरांच्या बुडाशी पांढुरकी, काळसर डोक्याची बारीक अळी असते. या वयात ती गुलाबी नसते आणि म्हणूनच ओळखू येत नाही. रंग पुढे मोठी झाल्यावर चढतो. शेतात फिरून १०० फुले पाहा, १० डोमकळ्या निघाल्या तर उपायाची वेळ झाली. त्याहून कमी असतील तरी दिसेल ती डोमकळी तोडून पिशवीत टाकावी आणि पुरावी किंवा जाळावी. तोडून तिथेच सरीत टाकली तर अळी आतच मोठी होते आणि मातीत कोषात जाते. ऑगस्टमधले हे दोन-तीन आठवडे दोन माणसांनी दिवसाआड तासभर घातले, तर पहिल्या पिढीचा मोठा भाग हाताने संपतो. इतके स्वस्त काम पुढे हंगामभर दुसरे नाही.

याच काळात ट्रायकोकार्ड (किडीची अंडी नष्ट करणाऱ्या बारीक परजीवी गांधीलमाश्यांची कार्डे) लावायची असतील तर गुलाबी अळीसाठी ट्रायकोग्रामाटॉइडिया बॅक्ट्री ही जात मागावी. एकरी ६० हजार परजीवी, म्हणजे साधारण तीन कार्डे, पट्ट्या कापून पानांच्या मागे संध्याकाळी टाचावीत. कार्डे लावल्यावर आठवडाभर रासायनिक फवारणी करू नये.

बोंडे धरल्यावर नुसत्या नजरेने काही कळत नाही. अळी शिरते ते छिद्र बोंड वाढताना बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार, टवटवीत. म्हणून फोडूनच पाहावे. एकरभरातून वेगवेगळ्या २० झाडांवरचे एकेक बोंड घ्यावे, धुऱ्यालगतचे नको आणि एकाच ओळीतले नको. बोंड दोन-तीन आठवडे वयाचे, इंचभर व्यासाचे, बोटाने दाबले तर किंचित दबणारे असावे. फोडल्यावर आधी सालीची आतली बाजू पाहा. तिथे बारीक फोडासारख्या गाठी किंवा वेडीवाकडी रेघ दिसली तर अळी तिथून आत गेली आहे. मग बोंडाच्या कप्प्यांमधले पडदे पाहा, एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना ती त्याला गोल भोक पाडते. २० पैकी २ बोंडांत अळी सापडली, पांढरी असो की गुलाबी, की १० टक्के झाले, आता फवारणी. हे दर आठवड्याला करायचे, एकदा करून भागत नाही.

फवारणीने मरते कोण, हेही लक्षात असू द्या. अंड्यातून निघालेली अळी काही तासांत फुला-बोंडात शिरते. औषध लागते ते एवढ्याच वेळात, किंवा पतंगाला. म्हणून सापळ्याचा आकडा चढला की लगेच आणि संध्याकाळी फवारायचे. एमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के १० लिटरला ४ ग्रॅम, किंवा प्रोफेनोफॉस ५० टक्के २० ते ३० मिली, यांपैकी एक. पुढच्या वेळी गट बदलून. सायपरमेथ्रिन, फेनव्हलरेट, लॅम्डा सायहॅलोथ्रिन ही पायरेथ्रॉइड गटातली औषधे पीक चार महिन्यांचे होईपर्यंत कपाटातच ठेवावीत, आणि नंतरही एक-दोनदाच. ती स्वस्त आहेत, पतंग पटापट पडलेले दिसतात, म्हणून ऑगस्टातच मारली जातात. त्यांनी मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी फोफावते. २०१५ साली पंजाबात पांढऱ्या माशीने कपाशीची काय दशा केली ते विसरता येण्यासारखे नाही.

पायरेथ्रॉइडच्या मागोमाग येणारी दुसरी पीडा म्हणजे लाल कोळी. तो कीटक नाही, आठ पायांचा कोळीवर्गीय जीव आहे, म्हणून बहुतेक कीटकनाशके त्याला लागू पडत नाहीत. उलट त्याला खाणारे जीव मारून टाकतात. रस्त्याकडेच्या धुळीच्या ओळींत तो आधी दिसतो. पान वरून पांढुरके ठिपके पडून मग तांबूस होते आणि शेतकरी त्याला लाल्या (झाडाचे पोषण कमी पडून पाने लाल होण्याचे दुखणे) समजून मॅग्नेशियम फवारतो. फरक ओळखणे सोपे आहे. पान उलटे करून बारीक जाळी आहे का पाहा, मग ते पांढऱ्या कागदावर झटका. मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान ठिपके पडतील. क्षणभर थांबा, ठिपके चालू लागले तर तो कोळी. तुडतुड्यांनी लाल झालेल्या पानाची कड खाली वळते आणि जाळी नसते. लाल्यात हिरव्या शिरांमधला भाग लाल होतो आणि कागदावर काहीच हलत नाही. तीन वेगळी दुखणी आहेत, आणि एकावरचे औषध दुसऱ्याला चालत नाही. कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक १० लिटरला २० ते २५ ग्रॅम, पानाच्या मागच्या बाजूला लागेल असे, ऊन उतरल्यावर फवारावे. डायकोफॉल अजून कुणी मागते. त्यावर २०२३ साली बंदी आली आहे, जुनी बाटली कुणी पुढे केली तर घेऊ नये.

मात्रेचा घोळ सगळ्यात जास्त पंपामुळे होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मात्रा ठरते ती एकराला. एमामेक्टिन एकरी साधारण ८० ग्रॅम, पाणी २०० लिटर. १५ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला ६ ग्रॅम, आणि एकराला तेरा-साडेतेरा पंप. आता पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाने तेच एकर ७०-८० लिटरात उरकले आणि पंपामागे ६ ग्रॅमच टाकले, तर एकराला जेमतेम ३० ग्रॅम पडले. अळी मरत नाही, फक्त औषधाला सरावते. उलट "पॉवर पंपाला तिप्पट" हे ऐकीव सूत्र धरले आणि पाणी मात्र २०० लिटरच खर्च केले, तर एकरात २४० ग्रॅम गेले आणि फवारणाऱ्याच्या अंगावरही तिप्पट तीव्रतेचे विष आले. अंदाज नको, मोजा. एक गुंठा, म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, दोरीने आखून घ्या. पंपात मोजून साधे पाणी भरा, नेहमीच्या चालीने तेवढेच क्षेत्र फवारा, किती लिटर गेले पाहा आणि त्याला ४० ने गुणा. ते तुमचे एकरी पाणी. एकराची मात्रा तेवढ्या पाण्यात वाटून टाका. पीक कमरेएवढे झाले की हे पुन्हा करावे लागते, कारण पाणी वाढते. बाटलीच्या झाकणाने मोजू नये. प्रत्येक झाकण वेगळ्या मापाचे असते. आणि तणनाशकाचा पंप कीटकनाशकाला वापरू नये. २,४-डीचा अंश जरी टाकीत राहिला तरी कपाशीची पाने भेंडीच्या पानासारखी चिरून आवळतात.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. डोक्याच्या वर गेलेले दाट पीक, दमट हवा, तीन-चार औषधे नि टॉनिके एकाच टाकीत, उघडे अंग. यातले एकही कारण आज पुरते संपलेले नाही. दोन कीटकनाशके आपल्या मनाने मिसळू नयेत. वारा पाठीवर घेऊन, मागे मागे सरकत फवारावे. अडकलेले नोझल तोंडाने फुंकू नये, फवारताना खर्रा-तंबाखू-पाणी काही नाही, संपल्यावर साबणाने अंघोळ आणि कपडे वेगळे धुवावेत. मळमळ, खूप घाम, लाळ, अंधूक दिसणे, अशी चिन्हे दिसताच माणसाला शेताबाहेर काढून कपडे उतरवावेत, अंग धुवावे आणि दवाखान्यात नेताना औषधाची बाटली किंवा खोका सोबत न्यावा. प्रोफेनोफॉससारख्या औषधाच्या विषबाधेवर वेगळे इंजेक्शन असते. कुठले विष हे डॉक्टरला कळले नाही तर मोलाचा वेळ जातो. मजूर सांगून आणला असेल तर हातमोजे आणि मास्क देणे ही मालकाची जबाबदारी आहे, ते मजुरावर उपकार नव्हेत.

हीच अळी, जिचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ साली भारतातल्या भडोचच्या नमुन्यांवरून झाले, ती बियाण्यासोबत जगभर गेली आणि १९१७ साली अमेरिकेत टेक्सासला पोचली. तिथे शंभर वर्षे झुंज चालली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूसपट्ट्यातून ती निपटल्याचे जाहीर केले. बीटी होतेच, त्याच्या जोडीला नपुंसक पतंग सोडणे, कामगंधाने नर-मादीची गाठ चुकवणे, आणि ठरलेल्या तारखेच्या आत पऱ्हाटी नांगरून टाकण्याची सक्ती. पहिल्या उपायांना पैसा आणि यंत्रणा लागते. कामगंधाने गाठ चुकवणाऱ्या दोऱ्या आता आपल्याकडेही मिळतात, पण एकट्याच्या दोन एकरात त्या वाया जातात. सलग शिवार असेल तरच उपयोग. पऱ्हाटीची तारीख ठरवायला मात्र काहीही लागत नाही. ग्रामसभेने ३१ डिसेंबर ही तारीख ठरवावी, मेंढपाळांना आधी निरोप द्यावा आणि श्रेडर गावाने मिळून भाड्याने आणावा.

संपादक महोदय, आपल्याकडे मागणे दोन आहेत. राज्याच्या कृषी विभागाचा क्रॉपसॅप प्रकल्प २००९-१० पासून चालू आहे. ठरावीक शेतांतली किडींची मोजणी त्यात नियमित होते. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात आपल्या जिल्हा पानावर दर आठवड्याला तालुकानिहाय सापळ्यातले पतंग आणि बोंडांतील अळीचे टक्के छापावेत, जसा पावसाचा आणि धरणसाठ्याचा तक्ता छापता तसे. आणि औषधांची चौकट ऑक्टोबरात छापण्याऐवजी, याच डिसेंबरात पहिल्या पानावर पऱ्हाटी काढण्याची तारीख छापावी. ज्या गावांनी एकमताने फरदड सोडली त्यांची नावे जानेवारीत द्यावीत. शेजारच्या गावाचे नाव पेपरात आले की पुढच्या वर्षी आपलेही यावे असे वाटणारी माणसे प्रत्येक गावात असतात.

आपला नम्र,
एक कापूस उत्पादक वाचक,
जि. यवतमाळ